अंगणातली विष्ठा कुत्र्याच्या आधी आपण उचलू या



आजचा सल्ला पिकाचा नाही, घरच्या कुत्र्याचा आहे. मांजरी, फुरसुंगी, शेवाळवाडी, उरुळी देवाची या पट्ट्यात आता बऱ्याच वस्त्यांवर गावठी राखणदारासोबत एखादं पॉमेरेनियन, पग नाहीतर डॅशहाउंडही असतं. सकाळी दार उघडलं की ते थेट अंगणाच्या कोपऱ्यात पळतं आणि रात्री येऊन गेलेल्या मुंगसाची, उदमांजराची विष्ठा खाऊन मोकळं होतं. आपण ओरडतो, तेवढ्यात ते आणखी घाईनं गिळतं.

ही नुसती घाण सवय म्हणून सोडून देऊ नका. कुत्रं लहान, वजन चार-सहा किलो. मोठं कुत्रं एखाद-दुसऱ्या जुलाबातून सावरतं, पण लहान कुत्र्याच्या अंगातलं पाणी एका दिवसात कमी होतं. आणि त्याच अंगणात आपली पोरं मातीत खेळतात.

*ही विष्ठा येते कुठून?*
मुठा उजवा कालवा, मुळा-मुठेचा काठ, ऊस, फळझाडं आणि मधले पडीक प्लॉट. शहर कितीही वाढलं तरी या जागा धरून रानातले प्राणी आपल्यातच राहतात. कोणाची विष्ठा आहे हे ओळखायला शिका:
• उदमांजर (काही जण कांडेचोर म्हणतात): चिकू, पपई, जांभळाच्या बियांनी भरलेली. भिंतीवर, पत्र्यावर, गच्चीवर, बऱ्याचदा ठरलेल्या जागीच. फळाचा वास असतो, म्हणून कुत्र्याला जास्त ओढ.
• मुंगूस: बारीक, पिळदार. त्यात केस, किड्यांचे पंख. बांधाकडेला, लाकडाच्या ढिगाजवळ.
• कोल्हा, भटकी कुत्री: पायवाटेवर, उघड्यावर. जंतांच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याची.
• ससा: कोरड्या गोल लेंड्या. यांचा धोका त्या मानानं कमी.
• उंदीर, घूस: बारीक काळे दाणे. इथे विष्ठेपेक्षा मूत्राची काळजी जास्त. लेप्टो हा आजार त्यातून पसरतो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातूनही.

*वेळेचं गणित समजून घ्या*
कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या विष्ठेतून गोल जंतांची अंडी बाहेर पडतात. ही अंडी ताजी असताना कुणाला लागण करत नाहीत. मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती तयार होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. ती कुत्र्याच्या पोटात गेली की जंत होतात, कुत्रं पुन्हा अंगणातच अंडी टाकतं. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतापर्यंत, कधी डोळ्यापर्यंत पोचतात.

म्हणजे रोज उचललं तर अंडी तयार व्हायला वेळच मिळत नाही. पंधरा दिवस पडून राहिलं, पावसानं मातीत मिसळलं, की मग काही करता येत नाही. सगळा उपाय या एका गोष्टीवर उभा आहे.

*रोजचं काम, दहा मिनिटांचं*
१) सकाळी कुत्रं सोडण्याआधी हातात फावडं घेऊन एक फेरी मारा. जागा ठरलेल्या असतात, चार दिवसांत तुम्हाला पाठ होतील.
२) हातमोजा किंवा उलटी केलेली पिशवी वापरा. खालची थोडी मातीही खरवडून घ्या. पिशवी बांधून कचऱ्यात टाका, नाहीतर दूर खोल खड्ड्यात पुरा. भाजीच्या वाफ्यात, गांडूळखतात टाकू नका.
३) पडलेले चिकू, पेरू, पपई संध्याकाळीच गोळा करा. कुत्र्याचं उरलेलं जेवण आणि कोंबड्यांचं खाद्य रात्री उघडं ठेवू नका. रात्रीचे पाहुणे यासाठीच येतात.
४) विटांचे, लाकडांचे ढीग घरापासून लांब हलवा.
५) जागा मोठी असेल तर कुत्र्यापुरता एक कोपरा जाळी लावून वेगळा करा. पूर्ण अंगणापेक्षा तेवढंच साफ ठेवणं सोपं.

*कुत्र्याला काय शिकवायचं?*
मागे पळू नका. त्याला तो खेळ वाटतो. तोंडात हातही घालू नका, चावा बसतो. घरात, शांतपणे "सोड" हा शब्द शिकवा: तोंडातलं खेळणं सोडलं की लगेच चिकनचा तुकडा. रोज पाच मिनिटं. घरात जमलं की अंगणात पट्टा लावून तेच करा. सवय मोडेपर्यंत सकाळची पहिली फेरी पट्ट्यावरच. फारच हट्टी असेल तर श्वास घेता येईल अशी जाळीची मुसकी मिळते, पण ती लावून एकटं सोडू नका.

जेवणात घालायच्या पावडरी, गोळ्या यांवर पैसे घालवण्याआधी थांबा. कुत्र्यांचीच विष्ठा खाणाऱ्या कुत्र्यांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१८ साली अभ्यास छापला. त्यात अशा ११ उत्पादनांचं यश ० ते २ टक्के निघालं. रानातल्या प्राण्याच्या जेवणात तर आपण काही घालूच शकत नाही.

*हे अजिबात करू नका*
• मुंगूस, उदमांजर मारायला विष किंवा फास लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. शिवाय उंदीर कमी ठेवायचं काम तेच करतात.
• अंगणात दाणेदार कीटकनाशक पेरू नका. पहिला बळी आपलंच कुत्रं असतं.
• उंदरांचं औषध उघड्यावर ठेवू नका. मेलेला उंदीर कुत्र्याच्या आधी उचला.
• जनावरांचं जंतनाशक इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला देऊ नका. लहान कुत्र्याला तो डोस जिवावर बेततो. गाई-म्हशींना जंतनाशक दिल्यावर काही दिवस त्यांच्या शेणापासूनही कुत्रं लांब ठेवा.

*औषध आणि लस*
मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंतनाशक, वजन करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. पिल्लांना जास्त वेळा लागतं. लेप्टोचा समावेश असलेली लस आणि रेबीजची लस दर वर्षी. विष्ठा खाल्ल्यानं रेबीज होत नाही, पण मुंगसाशी किंवा कोल्ह्याशी झटापट होऊन चावा बसला तर होऊ शकतो. जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

*थांबायचं नाही, अशी लक्षणं*
वारंवार उलटी, शेणात रक्त, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, पिवळे डोळे किंवा गडद लघवी, झटके, झोकांड्या. उंदराच्या काही औषधांत रक्तस्राव तीन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून "काल तर बरं होतं" यावर जाऊ नका. काय खाल्लं त्याचा फोटो आणि औषधाचं पाकीट सोबत न्या. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे.

*जाता जाता*
ऑक्टोबर २०२१ मध्ये हडपसरच्या साडेसतरा नळी भागात बिबट्यानं माणसाला जखमी केलं होतं. लहान कुत्रं बिबट्याला सोपी शिकार. त्यामुळे अंधार पडल्यावर ते घरातच. केसांनी भरलेली, नेहमीपेक्षा खूप मोठी विष्ठा दिसली तर हात लावू नका. फोटो काढा आणि वन विभागाला १९२६ वर कळवा.

उद्या सकाळी दार उघडण्याआधी पहिली फेरी मारा. घरातल्या लहान मुलांचे हात जेवणाआधी साबणानं धुवायचे, हेही सगळ्यांना सांगा. शेजारच्या वस्तीवर कुत्रं असेल तर हा मेसेज पुढे पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, हडपसर