पाण्याच्या टँकरची चौकट आणि टाकीची बैठक : गंजापासून रक्षण

लोखंडाला गंज लागतो ही गोष्ट आपणा सर्वांच्या इतकी परिचयाची आहे की, तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे असे सहसा कोणास वाटत नाही. विळा गंजला तर तो कानशीने घासून घेता येतो. कुदळ वापरता वापरता आपोआप उजळते. परंतु ट्रॅक्टरमागे जोडलेल्या पाण्याच्या टँकरची चौकट आतून गंजली, तर ते आपल्याला कळते ते बहुधा टाकी भरलेली असताना आणि टँकर रस्त्यावर असताना. 5,000 लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच वजन 5 टन होते. हे सारे वजन टाकीखालच्या मोजक्या बैठकींवर, बैठकींकडून चौकटीवर आणि ओढीच्या वेळी पुढच्या हूकवर येते. यांपैकी एक सांधा जरी चढावर किंवा वळणावर सुटला, तरी मागून येणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. शिवाय, ऐन वैशाखात टँकर मोडून पडला, तर बाग वाळते आणि वस्तीवरची भांडी रिकामी राहतात. यास्तव, टँकर घेताना त्याच्या किमतीचा विचार आपण जेवढ्या काळजीने करतो, तेवढ्याच काळजीने त्याच्या चौकटीची निगा राखली पाहिजे.

गंज का लागतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज तयार होतो. यांतील एकाला जरी दूर ठेवता आले, तरी गंजाची वाट बंद होते. रंगाचे काम एवढेच की, पाणी व हवा यांना लोखंडापर्यंत पोहोचू न देणे. गंज हा लोखंडाहून कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. म्हणूनच दोन पट्ट्यांच्या फटीत गंज धरला की, तो फुगून पट्ट्या एकमेकींपासून दूर लोटतो, रंग उचलतो आणि ओलाव्यासाठी नवी जागा करून देतो. एकदा लागलेला गंज स्वतःहून थांबत नाही, त्याचे कारण हेच.

पाण्यात क्षार असले म्हणजे गंजाचा वेग वाढतो. कोकणपट्टीतील खारी हवा, मचूळ विहिरीचे पाणी आणि सांडलेली रासायनिक खते, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅश, ही सर्व या कामी सारखीच घातक आहेत. द्राक्ष व डाळिंबाच्या बागांत टँकर बोर्डो मिश्रणासाठी वापरला जात असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिश्रणात मोकळे मोरचूद उरले आहे की नाही, हे पाहण्यासाठी आपण त्यात विळ्याचे पाते बुडवतो आणि पात्यावर तांबूस थर दिसला तर आणखी चुना घालतो. तो थर तांब्याचा असतो व त्याच्या बदल्यात पात्याचे लोखंड विरघळलेले असते. मोरचुदाचे पाणी चौकटीवर सांडले, तर तेथेही हेच घडते. म्हणून फवारणीचे काम आटोपताच चौकट स्वच्छ पाण्याने धुऊन काढावी.

गंज कोठे दडतो?

वरून दिसणारा तांबूस डाग हा फारसा धोक्याचा नव्हे. धोका असतो तो न दिसणाऱ्या जागी. तपासणी करताना पुढील ठिकाणे अवश्य पाहावीत :

1. टाकी व तिची बैठक यांमधील फट. टाकी घासू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी येथे गोणपाटाची घडी घालतात. ते गोणपाट वर्षभर ओले राहते आणि टाकी व बैठक दोहोंनाही खाते.

2. टाकीला आवळणाऱ्या पट्ट्यांची खालची बाजू व त्यांचे बोल्ट.

3. मागील नळाखालचा भाग. गळका नळ हा चौकटीचा सर्वांत मोठा शत्रू होय.

4. उघडी बाजू वर असलेले चॅनल. त्यात चिखल साचतो व पावसाळाभर ओल धरतो.

5. चौकोनी पाइपची उघडी टोके, वेल्डिंगचे सांधे व ओढण्याच्या हूकचे मूळ.

प्रत्येक ठिकाणी लहान हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते. आतून पोखरलेले बद्द वाजते. शंका आल्यास टोकदार छिन्नीने टोचून पाहावे. जेथे छिन्नी आत शिरते किंवा लोखंडाचे पापुद्रे सुटतात, तेथे रंग लावणे म्हणजे रोग झाकणे होय. तो भाग कुशल कारागिराकडून कापून नवा बसवावा. वेल्डिंगपूर्वी टँकर ट्रॅक्टरपासून सोडवावा. ज्या टाकीत पूर्वी डिझेल किंवा अन्य ज्वालाग्राही पदार्थ भरला होता, तिच्याजवळ वेल्डिंग मुळीच करू नये. आतील वाफेचा स्फोट होतो.

चार दिवसांचे काम

पावसाळा सरून हवा कोरडी झाली, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, हे काम हाती घ्यावे. टाकी पूर्ण रिकामी करावी, टँकर सपाट जागी उभा करून चाकांना दगड लावावेत आणि चौकटीखाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या आधारावर ठेवलेल्या टँकरखाली कोणीही शिरू नये.

पहिल्या दिवशी चौकट साबणाच्या पाण्याने घासून धुवावी. चिखल, ग्रीस व खताचा अंश राहिला तर रंग धरत नाही. पट्ट्या सोडाव्यात, कप्पीच्या साहाय्याने टाकी थोडी उचलून मध्ये लाकडी ठोकळे द्यावेत व जुने गोणपाट काढून टाकावे. मग सर्व भाग उन्हात खडखडीत वाळू द्यावा.

दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर पटाशी, तारेचा ब्रश व पॉलिश पेपर यांनी सुटा गंज व सैल झालेला रंग खरवडून काढावा. या वेळी डोळ्यांना चष्मा व नाकातोंडाला मुखपट्टी असावी, कारण जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. खरवडलेला चुरा गोळा करून जनावरांपासून व विहिरीपासून दूर ठेवावा. उघडे पडलेले लोखंड एका रात्रीच्या दवानेही पुन्हा तांबडे होते. म्हणून त्याच दिवशी, दिवस मावळण्यापूर्वी, रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटच्या प्रायमरचा हात द्यावा. कडा, सांधे व बोल्टची भोके यांवर ब्रशने आधी एक हात फिरवावा आणि मग सर्वत्र लावावा. कारण कडेवर रंगाचा थर नेहमी पातळ बसतो आणि गंज तेथूनच सुरू होतो.

तिसऱ्या व चौथ्या दिवशी इनॅमल रंगाचे दोन हात द्यावेत. पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. टाकीच्या आतील बाजूस मात्र हे रंग कदापि लावू नयेत. पिण्याच्या पाण्यासाठी योग्य ठरविलेले वेगळे लेप असतात, तेच वापरावेत.

टाकीची बैठक

बैठकीच्या व टाकीच्या दोन्ही बाजू रंगवून पूर्ण वाळल्यावर मध्ये जाड रबराची पट्टी घालावी. जुन्या टायरचा तुकडाही चालतो. परंतु गोणपाट, चिंधी किंवा लाकूड घालू नये, कारण ती पाणी शोषून धरतात. पट्ट्या आवळून झाल्यावर बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावावे. चॅनलमध्ये पाणी साचत असेल, तर त्याला निचऱ्याचे भोक कोठे पाडावे हे कारागिरास विचारूनच ठरवावे; भार पेलणाऱ्या जागी भोक पडल्यास चौकट दुबळी होते. नवी पट्टी किंवा बोल्ट घेताना जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा. जस्त स्वतः झिजते, परंतु लोखंड राखते.

इंजिनमधून काढलेले काळे ऑइल चौकटीला फासण्याची चाल अनेक गावी आहे. ती सोडून द्यावी. हे ऑइल धूळ धरते, पावसात धुऊन जाते, माती व विहिरीचे पाणी नासवते आणि कातडीलाही अपायकारक असते.

वर्षभराची निगा

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती शेतकऱ्यांपर्यंत नुसती तोंडी पोहोचवू नये. गावातील एखादा टँकर चावडीपुढे उभा करून हातोडीचा आवाज सर्वांना प्रत्यक्ष ऐकवावा. खणखणीत व बद्द यांतील फरक एकदा कानाने ऐकला म्हणजे तो विसरत नाही. टँकरच्या मालकांनी दर महिन्यास नळाची गळती पाहावी, रंगाचा टवका उडालेला दिसताच त्यावर प्रायमरचा हात फिरवावा आणि फाल्गुनात, पाण्याची ओढ सुरू होण्यापूर्वी, पट्ट्या, बोल्ट व हूक पुन्हा एकदा तपासावेत.

थेंबे थेंबे तळे साचते, तसाच थेंबे थेंबे गंजही साचतो. चार दिवसांचे श्रम व रंगाचे थोडे डबे एवढ्या मोलात चौकट पुष्कळ वर्षे टिकते, आणि टँकरमागून चालणारे मूल सुखरूप घरी पोहोचते.