थंडीतली पडवी राखते उन्हाळ्याचे पाणी

पौष लागला की निफाड-सिन्नरच्या पट्ट्यात गारठा हाडात शिरतो. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावरचा पारा एक आकडी झाला, की दुसऱ्या दिवशी ती पेपरात बातमी होते. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात आणि ठिबक सोडून ठेवतात. नाही तर थंडीच्या कडाक्याने मणी तडकतात. गव्हाला मात्र हीच थंडी मानवते. अशात शहरातला एखादा पाहुणा येतो आणि विचारतो, "पेरण्या उरकल्या, आता आरामच असेल!" आराम कसला? गव्हाचे पाणी, हरभऱ्यावरची घाटेअळी, कांद्याची लागण, तुरीची काढणी आणि गोठ्यातली जनावरे, सगळे एकाच महिन्यात येते. याच महिन्यात आणखी एक काम आहे. ते शेतात करायचे नसते, घराच्या पडवीत करायचे असते. त्याविषयी हा लेख.

विहीर बोलते ते ऐकावे

आमचे शेत सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात. अडीच एकर रान, एक विहीर, दोन गाई आणि दहा-बारा कोंबड्या. घरात आई, दादा, वहिनी, मुले आणि मी. हा भाग अवर्षणाचा. नदीकाठच्या निफाडला कालव्याचे पाणी आहे, आम्हाला विहिरीवरच भागवावे लागते.

२०१८ साली पावसाने दगा दिला. राज्य सरकारने त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुकाही होता. तरी आम्ही धाडस केले. २०१९ च्या फेब्रुवारीत, थंडी ओसरल्यावर, दहा गुंठ्यांत कारले आणि दोडका टोकला. वेल छान मांडवावर चढले. एप्रिलमध्ये फुलांनी मांडव पिवळा झाला आणि नेमका त्याच आठवड्यात विहिरीचा तळ दिसला. मोटर दहा मिनिटे चालायची आणि हवा ओढायची. आईने मांडवाखाली उभी राहून एवढेच म्हटले, "फूल आलं पण पाणी गेलं. महिनाभर आधी लावलं असतं तर चार पैसे झाले असते."

महिनाभर आधी म्हणजे जानेवारीत. पण जानेवारीत वेलवर्गीय भाज्यांचे बी रानात टोकले तर उगवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काकडी, कारले, दोडका, दुधी, कलिंगड यांच्या बियांना उगवायला पंचवीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. जमीन पंधरा अंशांच्या खाली गेली की बी नुसते पडून राहते, कुजते किंवा मुंग्या नेतात. म्हणजे थंडी संपेपर्यंत थांबावे तर पाणी संपते, आणि न थांबावे तर बी जाते. यावर उपाय एकच. बी उबेत रुजवायचे, रोप घराच्या आडोशाला वाढवायचे आणि थंडी उतरू लागली की तयार रोप रानात न्यायचे.

पडवीतली रोपवाटिका

यासाठी पॉलिहाऊस लागत नाही. दहा गुंठे म्हणजे साधारण एक हजार चौरस मीटर. दोन मीटरवर ओळ आणि मीटरवर वेल धरला तर पाचशे वेल बसतात. तूट धरून सहाशे पिशव्या भरल्या की झाले. चार बाय सहा इंची पिशवी भरल्यावर अडीच इंच जाडीची होते. अशा सहाशे पिशव्या एकाला एक लावून ठेवल्या तर दोन बाजांच्या जागेत मावतात. माती लागते बारा-पंधरा घमेली.

आम्ही दोन घमेली गाळाची माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि अर्धे घमेले वाळू असे मिसळतो. खत कच्चे असेल तर हुमणी येते आणि मुळे भाजतात, म्हणून खत गेल्या वर्षीचेच हवे. त्यात ट्रायकोडर्मा मिसळून ढीग ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवतो. पिशवीला खाली चार भोके पाडायला विसरू नये.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बी भिजवतो. काकडीला कोमट पाण्यात पाच-सहा तास पुरतात. कारल्याचे कवच टणक, त्याला अख्खा दिवस लागतो. मग बी ओल्या सुती फडक्यात बांधून, वरून गोणपाट गुंडाळून चुलीपासून हातभर लांब ठेवायचे. फडक्यावर हात ठेवला तर ऊब लागावी, चटका नाही. तीन-चार दिवसांत टोक फुटते. फुटलेले बी पिशवीत अर्धा-पाऊण इंच खोल, एका पिशवीत एक, असे लावायचे.

इथे एक सावधगिरी. बाजारातले संकरित बी बहुतेक वेळा गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे असते. तो रंग औषध चोळल्याची खूण आहे. असे बी भिजवायला स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये, ते चुलीजवळ मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

वांगी आणि मिरचीचे रोप सावकाश वाढते, त्याला पाच-सहा आठवडे धरावेत. ते ट्रेमध्ये वाढवून उपटून लावले तरी चालते. वेलवर्गीय रोपाचे मात्र मूळ दुखावले की ते बसून राहते. म्हणून त्याला पिशवीच हवी.

आमच्या तीन चुका

पहिल्या वर्षी, म्हणजे २०२० च्या जानेवारीत, मी शहाणपणा केला. ऊब राहावी म्हणून सगळ्या पिशव्या धान्याच्या खोलीत ठेवल्या आणि दार लावले. आठ दिवसांत रोपे वीतभर झाली. मी खूश. वहिनी आत आली, बघितले आणि म्हणाली, "भाऊजी, ही वाढली नाहीत, उजेड शोधायला पळालीत. हात लावला की मोडतील." तसेच झाले. पांढरी, लांबोडकी रोपे दोन दिवसांत आडवी पडली. रोपाला उबेइतकाच उजेड लागतो. आता आम्ही पिशव्या फळ्यांवर नाही तर जुन्या कॅरेटमध्ये ठेवतो. सकाळी ऊन आले की कॅरेट अंगणात, दिवस मावळायच्या आत पडवीत. पडवीच्या उघड्या बाजूला गोणपाटाचा पडदा सोडतो.

दुसरी चूक पाण्याची. थंडीत माती लवकर सुकत नाही. वर कोरडी दिसली म्हणून रोज पाणी मारले, तर रोप बुडाशी कुजून कोलमडते. बोट एक पेर आत घालून बघावे, ओल लागली तर पाणी देऊ नये. पाणी सकाळी ऊन चढल्यावर झारीने द्यावे, संध्याकाळी नाही. हौदातले गार पाणी लगेच न ओतता बादली तासभर उन्हात ठेवावी.

तिसरी चूक जिवावर बेतली असती. एका रात्री गारठा फार वाढला म्हणून मी बंद खोलीत रोपांजवळ कोळशाची शेगडी ठेवली आणि तिथेच अंथरूण टाकले. मध्यरात्री डोके ठणकू लागले, मळमळ सुरू झाली. आईने दार उघडून ओढत बाहेर काढले. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड धुमसले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच माणूस जातो. रोपांसाठी, कोंबड्यांसाठी किंवा स्वतःसाठी, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपायचे नाही. रोपांना जाड गोणपाट आणि खाली गव्हाच्या काडाचा थर पुरतो. कोणी म्हणेल दिवा लावावा. पण पूर्वीचा पिवळा बल्ब ऊब द्यायचा, हल्लीचा एलईडी उजेड देतो, ऊब नावालाच. कोंबडीच्या पिलांसाठी दिवा लावतानाही हे ध्यानात ठेवावे.

हिशेब मांडून बघा

सहाशे पिशव्यांना थंडीत दिवसाला सरासरी दोन बादल्या पाणी लागते. तीन आठवड्यांचे म्हणजे चाळीस-बेचाळीस बादल्या, फार तर सहा-सातशे लिटर. याउलट दहा गुंठ्यांना पाच सेंटीमीटरची एक पाटपाण्याची पाळी दिली, तर सुमारे पन्नास हजार लिटर पाणी जाते. रोपे पडवीत असतात ते तीन आठवडे रानाला पाणी द्यावे लागत नाही. तेवढ्या काळात एकच पाळी वाचली धरली, तरी विहिरीत ते पाणी शिल्लक राहते आणि मार्चच्या उन्हात उपयोगी पडते. ठिबक असेल तर आकडा लहान होईल, पण हिशेब बदलत नाही.

दुसरा फायदा वेळेचा. जानेवारीच्या आरंभी भिजवलेल्या काकडीचे रोप महिनाअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रानात जाते. थंडीने वाढ जरा सावकाश होते हे धरले, तरी मार्चमध्ये तोडा सुरू होतो. फेब्रुवारीच्या मध्यात बी टोकले तर काकडी एप्रिलच्या तोंडावर आणि कारले-दोडका एप्रिलच्या मध्याला. आमच्या विहिरीला हा फरक म्हणजे पीक हाती येणे आणि न येणे. दर मिळेल का, हे बाजारावर. पाण्यावाचून माल जाणार नाही, एवढे आपल्या हाती आहे.

रानात नेताना

रोपाला दोन ते चार खरी पाने आली की न्यावे. त्याआधी पाच-सहा दिवस कॅरेट रात्रीही बाहेर, भिंतीच्या आडोशाला ठेवावेत आणि पाणी थोडे तोडावे. रोप चिवट होते. लावणी दुपार कलल्यावर करावी, पिशवी ब्लेडने उभी कापून मातीचा गड्डा न फोडता बसवावी. पहिले आठ-दहा दिवस रात्रीचा गारवा असतोच. तुराट्यांची कमान करून त्यावर क्रॉप कव्हर किंवा जुन्या साड्या टाकल्या तरी भागते. कापलेल्या पिशव्या बांधावर टाकू नयेत. वाऱ्याने त्या गव्हाणीत जातात आणि गाईच्या पोटात.

बाकीची कामे सुटू नयेत

पडवीत रमून रानाकडे पाठ फिरवून चालत नाही. गव्हाला पाणी मोजके असेल तर वेळा सांभाळाव्यात. एकच पाणी शक्य असेल तर पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी, दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी, तीन असतील तर या तिन्ही वेळी द्यावे. हरभऱ्यात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवाव्यात आणि फुले निम्मी आली की पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधावे, पण वरची फट मोकळी ठेवावी. सगळे बंद केले की मुताचा वास कोंडून वासरे खोकतात. बसायची जागा कोरडी ठेवावी आणि पहाटेचे बर्फागत पाणी पाजू नये.

एक गोष्ट पुरुष मंडळींना सांगितली पाहिजे. कॅरेट आत-बाहेर करणे, झारी मारणे, बी राखणे, हे सगळे काम घरातल्या बाईच्या अंगावर पडते, तेही स्वयंपाक, धारा आणि खुरपणी सांभाळून. आमच्याकडे वहिनीने पहिल्याच वर्षी सांगितले, "रोपं मी सांभाळते, पण पहिल्या तोड्याचे पैसे माझ्या खात्यावर." दादाने मान्य केले. त्या वर्षापासून एकही कॅरेट रात्री बाहेर विसरले गेले नाही.

गावाने काय करावे

हे काम एका घराचे असले तरी पाणी सगळ्या गावाचे आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून, त्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवण्याचा पायंडा पाडला. तेवढे मोठे जमले नाही तरी सरपंच आणि ग्रामपंचायतीने एक गोष्ट सहज करावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावातल्या आठ-दहा विहिरींची पातळी दोरी टाकून मोजून वाचून दाखवावी. गेल्या वर्षीचा आकडा शेजारी लिहावा. तो पाहून प्रत्येकाने किती गुंठे उन्हाळी लावायचे ते ठरवावे. विहीर आटल्यावर टँकरची मागणी करण्यापेक्षा हे सोपे आहे.

रात्रीच्या विजेचाही प्रश्न आहे. थंडीत अंधारात बिबट्याच्या भीतीने बारे देणाऱ्या माणसाला सकाळी पडवीकडे बघायचे त्राण राहत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. दिवसा वीज देणे हाच तिचा हेतू. आपल्या गावाचा फीडर त्यात आहे का, जागा कोणती देता येईल, हे ग्रामपंचायतीने विचारून घ्यावे. ज्यांना घरच्यापुरते न करता रोपे विकायची आहेत, त्यांनी २०२० मध्ये सुरू झालेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेची तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. तिच्यात महिलांना प्राधान्य ठेवले होते.

आमच्या विहिरीच्या कठड्याला दादाने तेलरंगाने खुणा केल्या आहेत. दर पंधरवड्याला आई वाकून बघते आणि सांगते, किती हात उरले. यंदाही पौषात तिने बघितले आणि घरात येऊन विचारले, "बी भिजवलं का रे?" शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या विहिरीत आज किती हात पाणी आहे ते आधी बघा. मग बियाण्याची पुडी उघडा.