अष्ठीला, कर्करोग आणि एमआरआय

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या बारा प्रकारांमध्ये अष्ठीलेचे वर्णन केले आहे. गुद व बस्ती यांच्या मध्ये पाषाणवत् ग्रंथी होऊन मल, मूत्र व वायू यांचा अवरोध होतो. पौरुषग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या वृद्धीशी असलेले त्याचे साम्य वैद्यबंधूंना परिचित आहेच. मात्र याच ग्रंथीचा कर्करोग आरंभी बहुधा लक्षणेच दाखवीत नाही.

गुदमार्गे अंगुलिपरीक्षणात ग्रंथीचा मागील भागच बोटाला लागतो. रक्तातील पीएसए वृद्धी, शोथ व कर्करोग या तिन्हींत वाढते. सोनोग्राफीच्या साहाय्याने दहा-बारा ठिकाणचे तुकडे काढले, तरी पुढील भागातील गाठ सुईला चुकवू शकते. अशा वेळी एमआरआय उपयोगी पडतो. कर्करोगाच्या जागी पेशींची दाटी असल्याने पाण्याच्या रेणूंची हालचाल मंदावते व ती चित्रात उमटते. संशयाची पातळी १ ते ५ या पायरॅड्स श्रेणीने सांगतात आणि त्याच जागेतून बायोप्सी घेता येते.

ब्रिटनमधील ५७६ पुरुषांवरील प्रोमिस अभ्यासात (२०१७) गंभीर कर्करोगांपैकी ९३ टक्के एमआरआयने हेरले, तर रूढ बायोप्सीने ४८ टक्केच. तथापि एमआरआयने संशयित ठरविलेल्या अनेकांत तसा कर्करोग नव्हता. म्हणून अंतिम निदान बायोप्सीनेच होते. आणि एमआरआय निर्दोष आला तरी संशय पूर्णतः फिटत नाही.

जव्हार-मोखाड्याच्या रुग्णास या तपासणीसाठी नाशिक वा मुंबईची वाट धरावी लागते. त्यात रोजगार बुडतो. म्हणूनच कोणाला पाठवावे, हा विवेक आपल्याकडे हवा. पन्नाशीनंतरच्या पुरुषास मूत्रकृच्छ्र, मूत्रात रक्त अथवा रात्रीही न शमणारा कटिशूल असल्यास केवळ वातव्याधी समजून तैल-गुग्गुळ देत राहू नये. हा कर्करोग अस्थींत पसरतो. प्रथम अंगुलिपरीक्षण व पीएसए करवावे, संशय उरल्यास मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावे. फिनास्टेराइड घेणाऱ्याची पीएसए काही महिन्यांत सुमारे निम्मी होते, हे चिठ्ठीत अवश्य लिहावे. पेसमेकर असल्यास तेही नमूद करावे.

औषधी दुकानदार बंधूंनाही आमची विनंती आहे. गोक्षुरादि गुग्गुळ वा चंद्रप्रभा महिनोन्‌महिने परस्पर नेणाऱ्या वृद्धास 'तपासणी झाली का?' एवढे विचारावे. औषधाने मूत्रप्रवृत्ती सुधारली, म्हणजे कर्करोग नाही असे सिद्ध होत नाही.