पळणारा चालक आणि घड्याळ

माणसास चिरडून मद्यपी चालक पळतो, तेव्हां त्यास केवळ भीतिच पळवीत नाहीं. घड्याळहि त्याच्या बाजूस असतें. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां वाहन हांकणें, हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें गुन्हा आहे. परंतु शरीर तो मद्यार्क तासास सुमारें १५ मिलिग्रॅम या गतीनें जिरवितें. म्हणजे ७५ मिलिग्रॅमचा अपराधी सुमारें तीन तासांत मर्यादेवर उतरतो. अपघाताची वर्दी देण्यास मात्र तोच कायदा २४ तासांपर्यंत अवकाश देतो! तेवढ्यांत पुरावा विरतो, आणि उपचाराविना जखमीचा प्राणहि जातो. म्हणून पाहणाऱ्यानें गाडीचा क्रमांक टिपून पोलिसांस तत्काळ कळवावें व जखमीस रुग्णालयांत न्यावें. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा साहाय्यकर्त्यास कायद्याचें संरक्षण दिलें आहे.