आईची सुटी आणि कासवाचे घरटे

घरातील दिवा पहाटे सर्वांच्या आधी कोण लावते आणि रात्री सर्वांच्या मागून कोण मालवते, हा प्रश्न आपल्या खेड्यांतील कोणत्याही मुलास विचारावा. ते क्षणाचाही विचार न करता "आई" असेच उत्तर देईल. बैलास बेंदराच्या दिवशी जू चुकते, कामगारास आठवड्याची रजा मिळते, शाळेस तर वर्षातून किती सुट्या असतात त्याची गणतीच नाही. आईच्या रजेचा वार मात्र कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेला आढळत नाही. उलट इतरांची सुटी म्हणजे तिच्या कामात भर! पाहुणे आले, सण आला, मुले घरी राहिली, की चुलीवरचे भांडे उतरत नाही. आणि हे इतके अंगवळणी पडलेले असते, की त्यात काही उणे आहे असे घरातील कोणास वाटतही नाही.

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आमच्या चांगल्या परिचयाचे एक कुटुंब राहते. नावे सांगण्याचे कारण नाही. घरधनी कौलांच्या कारखान्यात कामास जातो. पत्नी सत्तावीस वर्षांची. पदरी तीन मुले : थोरली मुलगी सात वर्षांची, मधला मुलगा चार वर्षांचा आणि धाकटे अकरा महिन्यांचे. घरी सासूबाई आहेत, गोठ्यात दोन म्हशी आहेत. पहाटे पाचला धार, मग भाकरी, नवऱ्याचा डबा, मुलीची शाळा, धुणे, पाणी, दुपारी परसातील भाजी, संध्याकाळी पुन्हा धार, आणि रात्री दात येत असलेल्या तान्ह्याची रड. असा त्या माउलीचा दिवस. नवरा व्यसनी नाही, सासू दुष्ट नाही. चांगल्या घराची ही हकीकत आहे, आणि म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे.

गेल्या नाताळानंतर ही मुलगी गप्प गप्प राहू लागली. भाकरी करपली तरी तिचे लक्ष नसे. कोणी साधे काही बोलले तरी डोळ्यांस पाणी येई. नवऱ्याने तिला डॉक्टरांकडे नेले. अंगात रक्त कमी आहे, असे सांगून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि "हिला विश्रांती द्या, झोप मिळू द्या," असे बजावले. गोळ्या दुकानात मिळाल्या. विश्रांती कोणत्या दुकानात मिळते, हे मात्र त्या बिचाऱ्यास उमगेना. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो आम्हांस म्हणाला, "फादर, हिच्यासाठी काय करावे तेच कळत नाही." आम्ही म्हटले, "बाबा रे, तिलाच विचारून पाहिलेस का?"

त्याने विचारले. पहिल्या दिवशी तिने "काही नको" असे सांगितले. आपल्या बायकांचे पहिले उत्तर हेच असते. दुसऱ्या दिवशी मात्र ती म्हणाली, "मी अजून समुद्र पाहिला नाही. कोणी हाक मारणार नाही अशी घटकाभर त्याच्यापुढे बसेन म्हणते." घाट उतरले की गोवा, आणि गोव्यापलीकडे समुद्र! इतक्या जवळ जन्म काढूनही तिने तो पाहिलेला नव्हता. आपल्यापैकी कित्येक घरांतील स्त्रियांची स्थिती याहून वेगळी नाही.

थोरल्या मुलीस शाळेत बाईंनी सांगितले होते, की गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्रातील कासवे अंडी घालण्यास येतात. तिने हट्ट धरला, की समुद्रावर जायचे तर कासवांच्याच समुद्रावर! योगायोगाने घरधन्याची आतेबहीण काणकोणात दिली आहे. तिने गालजीबाग येथे एका घरी खोली ठरवून दिली. बेत गावात फुटताच हसू झाले. "कासव पाहावयास पैसे मोडून जाता? आमच्या विहिरीत दोन आहेत, फुकट पाहून घ्या!" असे एकाने ऐकविले. सासूबाईही रागावल्या. "मीही तीन मुले वाढविली. समुद्र पाहिला नाही म्हणून काही अडले नाही," असे त्या म्हणाल्या. परंतु नातवंडे निघाली तसे त्यांचे मन पाघळले. म्हशींची धार चुलत जावेने पत्करली, आणि सगळेच घर निघाले.

निघण्यापूर्वी घरधन्याने एक नियम केला. दोन दिवस हिने चुलीस हात लावायचा नाही, आणि तान्हे दूध पिण्यापुरतेच हिच्याकडे द्यायचे. हा नियमच या सहलीचा प्राण होय. एरवी आपल्याकडे सहल म्हणजे काय? पुरुष वाळूवर पत्ते कुटतात, मुले पाण्यात डुंबतात, आणि आई स्टोव्ह, पिठाचा डबा व कांद्यांची पिशवी घेऊन झाडाखाली दुसरा संसार मांडते.

उपवासकाळ लागण्यापूर्वीच्या एका शनिवारी ही मंडळी लोंढ्याहून रेल्वेने दूधसागरच्या वाटेने मडगावास आली, आणि तेथून बसने काणकोणाकडे गेली. गालजीबागचा किनारा इतर गजबजलेल्या किनाऱ्यांसारखा नाही. उत्तरेस तळपण नदी, दक्षिणेस गालजीबाग नदी, मध्ये वाळूचा पट्टा आणि त्यास लागून सुरूची दाट झाडी. दुपारी घरमालकिणीने उकड्या तांदळाचा भात, माशांची आमटी व सोलकढी वाढली. इतरांच्या हातचे गरम जेवण बसून जेवण्याचा प्रसंग त्या तरुण आईस किती दिवसांनी आला असेल, कोण जाणे! जेवून ती सुरूच्या सावलीत चटईवर पडली ती तीन तास उठली नाही. तान्ह्यास बापाने खांद्यावर फिरविले. मधल्याने समुद्राचे पाणी बाटलीत भरून घेतले. का, तर म्हशींना मीठ लागते म्हणून! संध्याकाळी सूर्य बुडेपर्यंत ती एकटी वाळूत बसली. तिला कोणी हाक मारली नाही.

आता कासवांविषयी. येथे येणाऱ्या कासवास ऑलिव्ह रिडले म्हणतात. पाठ सुमारे दोन फूट लांब, वजन चाळीस किलोच्या आसपास. मादी रात्रीच्या वेळी लाटांतून वर येते, भरतीची रेघ ओलांडून कोरड्या वाळूत जाते, मागच्या पायांनी दीड फूट खोल खड्डा उकरते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगाच्या भाराने ती चोपून बसविते आणि आल्या वाटेने समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. ऊन आणि वाळू हीच अंड्यांची दाई. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर अधिक. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या चार किनाऱ्यांवर वनखाते अशी घरटी जाळीने कुंपून राखते. 2011 सालच्या किनारा नियमन अधिसूचनेतही कासवांचे किनारे म्हणून या चारांचा उल्लेख आहे.

तेथील रखवालदाराने मंडळींस आणखी एक गोष्ट सांगितली. अंडी घालताना मादीच्या डोळ्यांतून पाणी गळते. लोक म्हणतात, ती वेदनेने रडते. खरे कारण निराळे आहे. समुद्रात राहून तिच्या अंगात मीठ साठते, आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून ती ते बाहेर टाकीत असते. हे ऐकून सासूबाई काही वेळ गप्प राहिल्या. मग सुनेकडे पाहून हळूच म्हणाल्या, "साठले की बाहेर पडायलाच हवे, बाळा. मला वाटायचे, तू उगीच रडतेस." महिनाभर त्या घरात जे कोणास बोलता आले नव्हते, ते अशा रीतीने बोलले गेले.

मोठे कासव काही त्यांना दिसले नाही. परंतु रविवारी पहाटे एका घरट्यातून पिल्ले निघत असल्याचा निरोप आला. बॅटऱ्या मालवूनच सर्वांनी जायचे होते, कारण पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात. पूर्वी रात्री उजळ असे ते फक्त समुद्राचे क्षितिज. आता दिव्यांनी फसून ती उलटी गावाकडे वळतात आणि मरतात. तळहातात मावतील एवढाली ती काळसर पिल्ले रखवालदारांनी पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली. एक लाट आली की चार मागे फेकली जात, पुन्हा उठून चालू लागत. त्यांतून वाढून मोठे होणारे हजारांत एखादेच, असा जाणकारांचा अंदाज आहे. थोरलीने विचारले, "आजी, त्यांची आई त्यांना टाकून गेली. मग ती वाईट का?" आजी म्हणाली, "वाईट नव्हे. देवाने तिला तेवढेच काम दिले. कासवाचे पिल्लू जन्मताच चालते. माणसाच्या पोराला चालायला वर्ष लागते आणि शहाणे व्हायला वीस. ते एकट्या आईने कसे करावे?"

वाचकहो, सासूबाईंच्या या बोलण्यात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते सर्व आले. कासवी अंडी पुरून मोकळी होते. माणसाच्या आईस तसे मोकळे होता येत नाही, आणि ती होऊही इच्छीत नाही. म्हणूनच तिच्याभोवती पती, सासू, नणंद, जाऊ, शेजार हे सर्व आहे. मूल वाढविण्याचे ओझे एका जिवाने पेलण्याजोगे नाही. ते वाटून घेतले नाही, तर आई तोंडाने बोलत नाही. ती आतून खचते.

रविवारची मिस्सा तेथेच ऐकून मंडळी रात्री घरी परतली. समुद्राने जादू केली असे आम्ही म्हणणार नाही. गोळ्या चालूच राहिल्या. परंतु घरात काही गोष्टी बदलल्या. रविवारची धार आता घरधनी काढतो. आठवड्यातून दोन रात्री तान्हे आजीजवळ निजते. अंथरुणे काढण्याचे काम थोरलीबरोबर मधल्यासही लावले आहे. मुलगा म्हणून त्यास सूट नाही. आणि रविवारी दुपारी दोन तास आईस कोणी हाक मारावयाची नाही, हा गालजीबागचा नियम घरीही चालू आहे. परवा ती आम्हांस भेटली तेव्हा हसून म्हणाली, "फादर, समुद्र लांब आहे, पण दोन तास मिळाले तरी पुरतात."

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते. बाळंतपणानंतरचे रडू, उदासी, झोप न येणे, बाळाविषयी ओढ न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर त्यास लहर किंवा बाहेरची बाधा समजू नये. तो आजार आहे आणि तो बरा होतो. डॉक्टरांकडे नेण्यास लाजू नये. 2022 साली सरकारने सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

ज्यांस कासवांच्या किनाऱ्यावर जावयाचे असेल त्यांनी हिवाळा उलटताना जावे. अंड्यांस वा पिल्लांस हात लावू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांस पूर्ण संरक्षण दिलेले आहे. नदीच्या मुखाजवळ ओढ फार असते, तेथे मुलांना पाण्यात सोडू नये. लाल झेंडा असेल तेथे कोणीच उतरू नये, आणि पावसाळ्यात तर समुद्रस्नानाचे नावच काढू नये.

पण सर्वांनाच जाता येणार नाही, आणि जाण्याची आवश्यकताही नाही. नदीचा काठ, मामाचे गाव, परसातील फणसाची सावलीही चालेल. अवश्य आहे ती एकच गोष्ट. प्रत्येक घरधन्याने या आठवड्यात आपल्या पत्नीस "तुला काय हवे?" असे विचारावे, "काही नको" हे पहिले उत्तर मानू नये, आणि दुसऱ्या उत्तराची धीराने वाट पाहावी.