तीन झेरॉक्स, एक नदी

सेमिस्टरच्या नोट्स तुमच्याकडे एकच असतील आणि त्याच हरवल्या तर? म्हणून शहाणी मंडळी तीन झेरॉक्स काढतात. एक उल्हासनगरच्या मित्राकडे, एक अंबरनाथच्या मैत्रिणीकडे, एक स्वतःकडे बदलापुरात. मोठे डिजिटल संग्रह सांभाळणारे सर्व्हर क्लस्टरही हेच करतात.

एवढा खटाटोप कशाला? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातले जुने सिनेमे फोर-के दर्जात स्कॅन होतात. कॉम्प्रेस न केलेली अशी एक फ्रेम साधारण ५० एमबीची, सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला १० टेराबाइटच्या वर जागा! असे शेकडो सिनेमे ठेवायचे तर एका मशिनचं ते कामच नाही.

मग अनेक सर्व्हर जोडून एकच कोठार केलं जातं. फाइलचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याच्या प्रती वेगवेगळ्या मशिनवर ठेवतात. गुगलने २००३ मध्ये आपली पद्धत शोधनिबंधातून मांडली, तेव्हा ६४ एमबीचा तुकडा आणि प्रत्येकाच्या ३ प्रती असा हिशेब होता. आज 'सेफ' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येतं. यातले सर्व्हर सतत एकमेकांची खबर घेत असतात. एखादा गप्प झाला, की त्याच्याकडच्या तुकड्यांच्या नव्या प्रती दुसरीकडे आपोआप तयार होतात.

झालं, आता निर्धास्त? थांबा. २६ जुलै २००५ च्या पावसाने आपल्या तिन्ही शहरांना एकाच दिवशी झोडपलं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली. पाऊस नगरपालिकेची हद्द बघत नाही. तिन्ही सर्व्हर एकाच खोलीत असतील, तर पाणीही तिघांना एकदमच गाठणार. शिवाय चुकून फाइल डिलीट केलीत, तर तिन्ही प्रती एकदम जातात. म्हणूनच क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत लांबच्या गावात हवी, रोजच्या वापरापासून वेगळी.

तुमच्या कॉलेजचे जुने वार्षिक अंक, गॅदरिंगचे फोटो, प्रबंध स्कॅन झाले असतील, तर लायब्ररीत जाऊन विचारा : प्रती किती? कुठे आहेत? तळमजल्यावर तर नाहीत ना? आणि हो, हेच प्रश्न स्वतःच्या फायनल इयर प्रोजेक्टबद्दलही विचारा. पावसाळ्याआधी!