टेबलावर अंतराळयुद्ध कसं लढतात? नकाशा, सोंगट्या आणि अंतराच्या पट्ट्यांचं गणित

'शत्रूचं यान तुमच्या मागे लागलंय. काय कराल?' गेम मास्टर विचारतो आणि टेबलाभोवतीचे पाचही खेळाडू गप्प होतात. ते यान किती लांब आहे, त्याचं तोंड कुठे आहे, मध्ये एखादा ग्रह आहे का, हे कुणालाच नीट माहीत नसतं. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच चित्र असतं.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये अंतराळातली लढाई अनेकदा इथेच अडते. त्यावर उपाय म्हणजे टेबलावर मांडलेलं चित्र. पण कुठलंही चित्र चालत नाही.

हा खेळ नेमका काय असतो?

या खेळात एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. पात्राने काय करायचं हे खेळाडू ठरवतो आणि ते जमलं की नाही, हे बहुतेकदा फासे ठरवतात. १९७४ मध्ये आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ. अंतराळातल्या गोष्टींसाठी १९७७ मध्ये 'ट्रॅव्हलर' आला, तर २०१७ मध्ये 'स्टारफाइंडर'.

अंतराळाचं चित्र काढणं अवघड का?

तळघरातली मारामारी चौकटीच्या कागदावर सहज मांडता येते. तिथे भिंती असतात, दारं असतात, कुणीतरी कोपऱ्यात लपतं. अंतराळात यातलं काहीच नाही आणि अंतरं मात्र अफाट.

'ट्रॅव्हलर'च्या १९८१ च्या आवृत्तीत १ मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर असं प्रमाण होतं. या हिशेबाने पृथ्वी सुमारे १३ सेंटिमीटरची, म्हणजे एखाद्या बशीएवढी होते. चंद्र मात्र तिच्यापासून जवळपास पावणेचार मीटर लांब ठेवावा लागतो. टेबल सोडाच, लहान खोलीही अपुरी पडेल.

दुसरी अडचण वेगाची. रस्त्यावरची गाडी इंजिन बंद केलं की हळूहळू थांबते. अंतराळात हवेचा अडथळा नसल्याने यान त्याच दिशेने, त्याच वेगाने जात राहतं. त्यामुळे यान कुठे आहे एवढंच दाखवून भागत नाही, ते कुठे निघालंय हेही दाखवावं लागतं.

यावर कोणते उपाय निघाले?

पहिला उपाय बाणाचा. १९७३ च्या 'ट्रायप्लॅनेटरी' या बोर्ड गेममध्ये षटकोनी घरांच्या नकाशावर पारदर्शक शीट ठेवून त्यावर पुसता येणाऱ्या पेन्सिलीने यानाचा मार्ग आखत. मागच्या डावात यान तीन घरं गेलं असेल, तर इंजिन न वापरता पुढच्या डावातही ते तीनच घरं जाणार. १९७८ च्या 'मेडे'मध्ये हेच काम सोंगट्यांनी केलं. एका यानासाठी तीन सोंगट्या: आधी कुठे होतं, आता कुठे आहे आणि पुढे कुठे असेल.

दुसरा उपाय षटकोनी पटाचा. 'स्टारफाइंडर'च्या पहिल्या आवृत्तीत वेगाचं गणित सोपं केलंय, पण यानाचं तोंड कुठे आहे याला महत्त्व आहे. यानाच्या पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळं संरक्षक कवच असतं. कमजोर बाजू शत्रूकडे वळली, की धोका वाढतो.

तिसरा उपाय पट्टीचा. 'ट्रॅव्हलर'च्या मंगूज पब्लिशिंगच्या आवृत्तीत नकाशाची गरजच पडत नाही. अंतराचे टप्पे ठरलेले आहेत. त्यात 'शॉर्ट' टप्पा १,२५० किलोमीटरवर संपतो, तर ५०,००० किलोमीटरच्या पलीकडे सगळं 'डिस्टंट'. कागदावर ओळीने रकाने आखून सोंगटी पुढेमागे सरकवली की झालं.

उंचीचं काय?

अंतराळ त्रिमितीय असतं आणि टेबल सपाट. पण भूमितीचा एक नियम इथे कामी येतो: कुठलेही तीन बिंदू एका सपाट पृष्ठभागावर मांडता येतात. त्यामुळे दोन किंवा तीन यानं असतील, तर त्यांच्यातली त्या क्षणाची अंतरं सपाट कागदावरही अचूक दाखवता येतात. म्हणूनच छोट्या लढाईत उंची सोडून दिली तरी फारसं बिघडत नाही.

मग बाकीच्या खेळाडूंनी काय करायचं?

खरी मेख इथे आहे. यान एक आणि खेळाडू पाच. टेबलावर फक्त नकाशा असेल, तर सोंगटी हलवतो पायलट, गोळीबार करतो एक जण आणि उरलेले मोबाइल काढतात. 'स्टारफाइंडर'ने यासाठी कॅप्टन, इंजिनीअर, गनर, पायलट आणि सायन्स ऑफिसर अशा भूमिका वाटून दिल्या. पण इंजिनीअरचं काम नकाशावर दिसत नाही. त्यासाठी यानाचा वेगळा तक्ता लागतो: इंजिन, शस्त्रं, कवच, कुठे किती नुकसान झालंय. तो सगळ्यांना दिसेल असा मधोमध ठेवला, की दुरुस्ती आधी कशाची करायची यावर चर्चा सुरू होते.

घरी कसं बनवायचं?

महागडी मॉडेल्स लागत नाहीत. कॅरमच्या सोंगटीवर कागदाचा बाण चिकटवला, की यानाचं तोंड कळतं. शेजारी लुडोचा फासा ठेवला, की वेग कळतो. यानाचा तक्ता पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने लिहिलं, तर पुसून पुन्हा वापरता येतो. प्रत्येक भूमिकेसाठी एक छोटं कार्ड करून त्यावर त्या खेळाडूला करता येण्यासारख्या तीन-चार गोष्टी लिहाव्यात.

निवड करताना लढाई कसली आहे, ते आधी पाहावं. पाठलाग असेल तर पट्टी पुरते. लघुग्रहांमधून वाट काढायची असेल तर षटकोनी पट हवा. ग्रहाला वळसा घालून निसटायचं असेल तर बाण लागतातच. पहिल्यांदा दोनच यानं घेऊन खेळावं. एका फेरीत पाचांपैकी एखाद्याला काहीच ठरवावं लागलं नाही, तर त्याच्यासमोर काय ठेवायचं राहिलं, ते शोधावं.